यशाचा साचा आणि आपले खेळ

(वाशीम येथे पालक व कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या नगराला कामदेवाचे क्रीडास्थान म्हटले आणि काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह येथेच लावून दिला. अशा गावात खेळ आणि प्रतिभा यांच्या नात्याविषयी बोलताना संकोच कशाला? मग तो खेळ मोबाईलवरचा का असेना.

'पबजी' हे नाव आपल्या घराघरांत भांडणांसकट पोहोचले. 2017 साली आलेल्या या खेळाची कल्पना साधी. शंभर जण एका बेटावर उतरतात, एकमेकांना टिपतात, अखेरीस उरेल तो विजयी. त्याला अफाट यश मिळाले आणि जगभरच्या कंपन्या त्याच वाटेने धावू लागल्या. 'फोर्टनाइट' त्याच वर्षी जुलैमध्ये आला, तेव्हा त्यात गढ्या बांधून राक्षसी झुंडींचे हल्ले परतवायचे होते. सप्टेंबरात त्यालाही शंभर जणांच्या झुंजीची जोड देण्यात आली आणि मूळ खेळ मागे पडला. मोठा खेळ घडवायला शेकडो माणसे आणि कित्येक वर्षे लागतात. एवढा पैसा ओतणारा 'नवे काय?' असे विचारत नाही, 'चालले काय?' असे विचारतो. आम्हा वृत्तपत्रवाल्यांना हे शहाणपण परके नाही!

सप्टेंबर 2020 मध्ये 'पबजी मोबाईल'वर आपल्याकडे बंदी आली. 2021 मध्ये तो वेगळ्या नावाने परतला. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये 'इंडस' आणला. वेश, वास्तू, पात्रे भारतीय. 'कॉस्मियम' हस्तगत करूनही जिंकता येते, ही नियमातली भर. कौतुक आहेच. तरीही सांगाडा तोच. सिंधू संस्कृतीचे नाव घ्यायचे आणि करायचे काय, तर गोळ्या झाडायच्या, हे मला खटकते.

त्याच पुण्यात नोडिंग हेड्स गेम्सच्या लहानशा चमूने 'राजी' घडवला. कसरती करणारी एक मुलगी दुर्गेच्या त्रिशूळानिशी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे ऋण त्यावर उघड दिसते. साचा येथेही उसनाच. परंतु तिची चपळाई तिच्या कसरतीतून येते आणि भिंतींवरली चित्रे वाटेत देवदेवतांच्या कथा सांगतात. येथे भारतीयत्व केवळ रंगरंगोटीपुरते उरलेले नाही. या धाडसाची किंमतही ऐका. 2017 मध्ये लोकवर्गणीचे आवाहन उद्दिष्ट गाठू शकले नाही. एका संस्थापकाने स्वतःची सदनिका विकली. ऑगस्ट 2020 मध्ये खेळ आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. तो काही तासांतच संपतो, शेवट घाईने उरकलेला वाटतो, ही तक्रार रास्त आहे.

उद्या तुमच्या मुलाने हे शिकायला पुण्याला जायचे म्हटले, तर फी किती, हे विचाराच. सोबत एवढेही विचारा : बाळा, तुझ्या खेळात माणूस जिंकतो तो कशाने?