मदत करण्यापूर्वी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो 'विकासकार्य करणाऱ्यांस चार व्यावहारिक सूचना' असा. सूचना देण्याचा अधिकार यशस्वी माणसाला असतो असे म्हणतात. माझ्यापाशी चुकांचीच शिदोरी अधिक आहे. पण वाट चुकलेला मनुष्यही खड्डा कोठे आहे एवढे तर सांगू शकतो! या सभेतील तरुणांपैकी कोणी उद्या एखाद्या संस्थेतर्फे गडचिरोलीला जाईल, कोणी आफ्रिकेत जाईल. मी बोलणार आहे ते त्यांच्यासाठी. उदाहरण मात्र आपल्या अंगणातलेच घेतो, तलावाचे.

आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झाला. परंतु तलावांचा वारसा दोघांचा एकच आहे. गोंड राजांच्या अमदानीपासून कोहळी समाजाच्या लोकांनी येथे तलाव आणि बोड्या बांधल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे परंपरा सांगते. त्यांच्यापाशी ना यंत्रे होती, ना नकाशे. पण जमिनीचा उतार, मातीचा गुण आणि पावसाची चाल त्यांना पाठ होती. त्या पाण्यावर धान पिकला, गुरे जगली आणि ढीवरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी मासोळी धरली.

मालगुजारी नाहीशी करणारा कायदा १९५० साली झाला व पुढच्या वर्षी अमलात आला. ते योग्यच झाले. मालगुजाराच्या पाळीवर राबणाऱ्यांचा घाम काही स्वखुशीचा नव्हता. तलाव सरकारच्या ताब्यात आले, गावाचे निस्ताराचे हक्क कागदावर नोंदले गेले. पण एक साधा प्रश्न सुटला नाही: दर उन्हाळ्यात पाळीवर माती कोणी टाकायची? पूर्वी ते काम जुलमाने का होईना, होत असे. जुलूम गेला, त्याबरोबर कामही गेले. मालकी कोणाची हे कायद्याने ठरविले. काळजी कोणाची, हे ठरविले नाही. कितीतरी तलावांत गाळ साचला, काठाने बेशरम माजली.

मग मदत आली. मासळीचे उत्पन्न वाढावे म्हणून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज तलावांत सोडले गेले. कोठे कोठे गवत्या आणि सायप्रिनसही आले. हेतू चांगला होता. परंतु रोहू-कटला वाहत्या नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत. म्हणजे दर वर्षी बीज विकत आणणे आले. गवत्या पाण्यातील वनस्पती खातो, सायप्रिनस तळ उकरतो. ज्या वनस्पतींच्या आश्रयाने मरळ, शिंगी अशी गावची मासोळी वाढावयाची, त्याच दिसेनाशा झाल्या.

येथे माझा कबुलीजबाब देतो. एका संस्थेच्या कामात मीही एका गावी तलाव खोल करण्यासाठी यंत्र नेले होते. गाळ निघाला, छायाचित्रे निघाली, अहवाल गेला. पावसाळ्यानंतर एक वृद्ध ढीवर बाई मला म्हणाल्या, "बाबू, पाणी वाढलं खरं; पण मासोळी आता अंडी कुठं घालील?" आम्ही काठचा उथळ भाग आणि त्यातील वनस्पतींचे कंद खरवडून काढले होते. त्या बाई रोज त्याच पाण्यात उतरत होत्या. त्यांना विचारावयास आम्हाला अर्धा तास मिळाला नव्हता!

याच्या उलट उदाहरणही जवळचेच आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्याचे श्री. मनीष राजनकर यांनी ढीवर स्त्रीपुरुषांचे ज्ञान हीच विद्या मानली. बायकांनी बेशरम उपटली, तळाची मशागत केली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या. पैसा थोडा लागला, विचारपूस पुष्कळ लागली.

हा दोष केवळ आपला आहे असे समजू नका. केनियात तुर्काना सरोवराच्या काठी नॉर्वेच्या मदतीने मासे गोठविण्याचा कारखाना उभा राहिला. काठचे लोक मुख्यतः गुराखी. वाळवंटात शीतगृह चालविण्याचा आणि स्वच्छ पाण्याचा खर्च परवडेना. थोड्याच दिवसांत तो बंद पडला. नॉर्वेला मासळीचे ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल? तुर्कानाचे ज्ञान नव्हते, एवढेच.

म्हणून माझ्या सूचना चारच. पहिली, गाव श्रावणात पाहा आणि वैशाखातही पाहा. एका ऋतूत पाहिलेले गाव अर्धेच असते. दुसरी, पाटलाच्या ओसरीवरची सभा ही गावाची सभा नव्हे. जो हात पाण्याला लागतो त्याला विचारा, आणि त्याच्या सवडीच्या वेळी विचारा. बायका रोवणीला गेलेल्या असताना सभा भरवून 'बायका बोलत नाहीत' असे लिहू नका. तिसरी, दहाव्या वर्षी दुरुस्ती कोण करील, कोणत्या पैशाने करील, हे ठरल्यावाचून पहिली कुदळ मारू नका. चौथी, चूक झाली तर ती अहवालात लिहा. देणगीदार रागावेल खरा. पण लपविलेली चूक पुढच्या गावी नव्या नावाने जाते, आणि तिची किंमत त्या गावाला पडते.

कोणी म्हणेल, एवढे विचारीत बसलो तर काम केव्हा करावयाचे? पूर आला, साथ आली, तेव्हा धावत जावे. तेथे विचारीत बसणे हे पाप. परंतु तलाव काही एका रात्रीत गाळाने भरत नाही. जेथे दुखणे वर्षानुवर्षांचे, तेथे वैद्याने एक उन्हाळा नाडी पाहण्यात घालविला तर रोगी दगावत नाही.

आपण घरी परतताना वाटेत एखादी बोडी लागेल. क्षणभर थांबा आणि तिची पाळ कोण राखतो, ते तेथे भेटेल त्याला विचारा. उत्तर मिळाले तर त्याच्या हाताखाली कामाला लागा. न मिळाले, तर तुमचे काम तेथूनच सुरू होते.