संग्रह आणि समर्पण
(व्याख्यानाचा सारांश)

सातारा जिल्ह्यातील औंधच्या टेकडीवर १९३८ साली श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्याच वर्षी जुलै महिन्यात हॉलंडमधील ओटर्लो गावाजवळच्या वनप्रदेशात आणखी एक संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. पहिल्यामागे श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी होते, तर दुसऱ्यामागे हेलेन क्रोलर-म्युलर ही विदुषी. भवानरावांचा जन्म १८६८ चा, हेलेनचा १८६९ चा.

भवानराव स्वतः चित्रकार होते आणि त्यांची रसिकता बहुविध होती. राजा रविवर्म्याच्या 'सैरंध्री'पासून पाश्चात्त्य कलाकृतींपर्यंत त्यांनी सारे जमविले. आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी त्यांच्याच संस्थानात होती. किर्लोस्करवाडीही त्यांनी दिलेल्या जमिनीवर १९१० मध्ये वसली. हेलेनची निष्ठा मात्र प्रामुख्याने एकाच चित्रकाराला वाहिलेली होती. तो चित्रकार म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

व्हॅन गॉग १८९० मध्ये निवर्तला. हयातीत त्याची फारच थोडी चित्रे विकली गेली. हेलेन एका धनाढ्य व्यापाऱ्याची पत्नी होती. कलासमीक्षक ब्रेमर यांच्या व्याख्यानांतून तिला चित्र पाहण्याची दृष्टी लाभली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तिने व्हॅन गॉगची चित्रे घेण्यास प्रारंभ केला. पुढे त्याची सुमारे ९० तैलचित्रे आणि १८० हून अधिक रेखाटने तिच्या संग्रहात आली. या चित्रकाराचा हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा संग्रह होय. इतर कलावंतांच्या कृतीही तिने घेतल्या, परंतु संग्रहाचा गाभा व्हॅन गॉगच राहिला.

१९११ मध्ये एका गंभीर शस्त्रक्रियेला तिला सामोरे जावे लागले. मृत्यू समोर दिसत असता तिने संकल्प केला, की हा ठेवा घराण्याचा न राहता राष्ट्राचा व्हावा. संकल्पाची खरी कसोटी पुढे लागली. पतीचा व्यवसाय अडचणीत आला, नियोजित भव्य वास्तूचे काम थांबले. चित्रे विकून संकट टाळण्याचा मोह कोणालाही झाला असता. तिने व तिच्या पतीने १९२८ मध्ये संग्रह एका स्वतंत्र न्यासाच्या स्वाधीन केला, जेणेकरून व्यवसायाच्या देण्यांपायी तो विखुरला जाऊ नये. १९३५ मध्ये संग्रहालय बांधण्याच्या अटीवर तो डच शासनास अर्पण झाला. वास्तुविशारद हेन्री व्हान दे वेल्दे यांनी वास्तू उभारली आणि हेलेन तिची पहिली संचालिका झाली. पुढच्याच वर्षी, १९३९ च्या डिसेंबरात, तिने जगाचा निरोप घेतला.

धन असणाऱ्यास चित्र विकत घेता येते. परंतु एका कलावंताशी तीस वर्षे एकनिष्ठ राहणे आणि ज्यावर जीव जडला तेच आपल्या हाताने लोकांच्या स्वाधीन करणे, यास धनाहून मोठे काही लागते. औंधच्या राजांनी आणि ओटर्लोच्या हेलेनने ते दाखविले. संग्रहाची सार्थकता त्याच्या मोजदादीत नसून तो कोणाच्या दृष्टीस पडतो यात आहे. औंध आपल्या अगदी जवळ आहे. आपल्या मुलांना एकदा तेथे अवश्य न्यावे.