पाय आधी सोडायचा, मग थांबायचं

तिसगावातून आम्ही बोलतोय, बचत गटाच्या बाया. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज बोलायचंय सायकलच्या पायडलविषयी. साधं पायडल नव्हे. ज्यात बूट खट्कन अडकून बसतो, ते पायडल.

याचा आपल्याशी काय संबंध, हे आमच्या बैठकीतही विचारलं गेलं. संबंध असा, की आमच्या गटातल्या एका ताईने या पायडलसाठी आणि त्याच्या बुटांसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. पाच हजार रुपये. अर्ज वाचला तेव्हा आधी शांतता झाली आणि मग सगळ्या एकदमच बोलायला लागल्या.

ताईचं घर ऊसतोडीचं. आपल्या पाथर्डी तालुक्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. दिवाळी झाली की टोळी निघते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि परत यायला पाडवा उजाडतो. मुलगी अकरावीत. मागे वस्तीवर आजीजवळ राहते. अशा घरात दर दिवाळीला एक वाक्य ठरलेलं असतं : "पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायची? त्यापेक्षा उरकून टाकू." या घरातही ते बोललं गेलं होतं. मुलीचं उत्तर तिची सायकल होती. वस्तीवरून कॉलेजला सायकलवर येते, शाळेत असल्यापासून शर्यतीत भाग घेते, आणि तालुक्याला नंबर आला तेव्हापासून घरातला हा विषय एक वर्ष मागे पडला होता. आता जिल्ह्याला जायचं तर ही पायडलं शिकून घे, असं तिच्या खेळाच्या सरांनी सांगितलं. नगरच्या एका सायकलवाल्याकडे जुना जोड मिळत होता.

आमच्यात एक नानी आहेत. गटातल्या सगळ्यांत मोठ्या. हिशोबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "मढीच्या बाजारात गाढवाचे पाय बांधत्यात, तसे पोरीचे पाय बांधायला करज द्यायचं व्हय?" हसून हसून पुरेवाट झाली, पण नानींचं म्हणणं खोटं नव्हतं. पाय अडकलेला, सायकल थांबली, पाय सुटला नाही तर पोरगी आडवी होणार. आई-बाप कारखान्यावर. हात मोडला तर दवाखान्यात कोण नेणार? आणि मग तेच वाक्य परत निघणार, या वेळी जास्त जोराने.

दुसरी हरकत पैशाची. गटाचा पैसा शेळीला, बियाण्याला, दवाखान्याला. बुटाला कसा? यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी आपली पंचसूत्री काढली. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. यात कुठे लिहिलंय, कर्ज कशाला घ्यायचं? सभासद नियमित आहे का, फेडेल का, एवढंच बघायचं. ताईचा एकही हप्ता चुकलेला नाही. कारखान्यावर असतानाही मुकादमाच्या फोनवरून पैसे येतात.

त्या बैठकीत पुदुकोट्टईची गोष्टही निघाली. तमिळनाडूतला हा जिल्हा. १९९१ च्या सुमाराला तिथे साक्षरतेची मोठी चळवळ चालू होती, आणि नव्याने लिहा-वाचायला शिकलेल्या बायकांनी सायकलही शिकायला घेतली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या ताया. संख्या लाखाच्या घरात गेली. शीला राणी चुंकत तिथल्या कलेक्टर होत्या. बायकांना सायकलीसाठी बँकांनी कर्ज द्यावं म्हणून त्यांनी जोर लावला. लेडीज सायकली कमी पडल्या तर बायांनी दांड्याच्या सायकली घेतल्या. काहींना तर त्याच आवडल्या, कारण दांड्यावर लेकरू बसवता येतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. म्हणजे सायकलीला कर्ज हा काही आमचा नवा शोध नाही.

कर्ज मंजूर झालं. शेकडा एक रुपया व्याज, दहा हप्ते. अट नानींनी घातली : आई टोळीबरोबर जायच्या आत पोरगी हे पायडल नीट शिकली पाहिजे, आणि शिकताना गटातल्या दोघीजणी रोज मैदानावर हजर पाहिजेत. त्यामुळे आम्हालाही सगळं समजून घ्यावं लागलं. ते आता तुम्हाला सांगतो.

या पायडलला दुकानात "क्लिपलेस" म्हणतात, म्हणजे बिनक्लिपचं. आणि पाय तर त्यात क्लिपसारखाच अडकतो! आमचं डोकं इथेच फिरलं होतं. कारण असं, की पूर्वी शर्यतीच्या सायकलला पायडलवर पुढच्या बाजूला पिंजऱ्यासारखी पट्टी असायची आणि वरून चामडी पट्टा. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. पाय आत घालून पट्टा आवळायचा, आणि थांबायच्या आधी खाली वाकून हाताने सैल करायचा. मग १९८४ मध्ये लुक नावाच्या फ्रेंच कंपनीने नवं पायडल आणलं. ही कंपनी बर्फावर घसरायच्या पट्ट्यांचे अडकण बनवायची. पडल्यावर बूट आपोआप सुटला नाही तर पाय मोडतो, हे त्यांना त्या धंद्यातून ठाऊक होतं. तीच युक्ती त्यांनी सायकलला लावली. दुसऱ्याच वर्षी बर्नार इनो हा गडी ही पायडलं लावून फ्रान्सची मोठी शर्यत जिंकला. पिंजरा गेला, म्हणून नाव पडलं बिनक्लिपचं. पुढे १९९० मध्ये जपानच्या शिमानोने छोटी लोखंडी पट्टी बुटाच्या तळव्यात खोल बसेल असा प्रकार काढला. त्या बुटाने चालताही येतं. आमच्या मुलीचा जोड याच प्रकारचा आहे.

बुटाच्या तळव्याला जी पट्टी असते तिला क्लीट म्हणतात. अडकवताना बोटांकडची बाजू आधी पायडलच्या पुढच्या ओठात घालायची आणि टाच खाली दाबायची. खट् आवाज आला की बसलं. सोडवताना पाय वर ओढायचा नाही. कितीही ओढा, सुटत नाही. ओढून सुटू नये म्हणूनच ते बनवलंय. टाच बाहेरच्या बाजूला वळवायची, सायकलपासून लांब. सुटतं. एवढंच आहे. पण घाबरलेला माणूस पाय वरच ओढतो, कारण लहानपणापासून साध्या पायडलवरून आपण पाय तसाच उचलतो. सगळी शिकवणी ही सवय मोडण्याची आहे.

पहिल्या दिवशी सायकल हललीच नाही. शाळेच्या मैदानाच्या भिंतीला एक हात टेकून मुलगी सीटवर बसली आणि एकच पाय : अडकव, सोड, अडकव, सोड. पन्नास वेळा डावा, पन्नास वेळा उजवा. आजी पलीकडे बसून मोजत होत्या. पायडलला मागे एक छोटा स्क्रू असतो, त्याने अडकण घट्ट-सैल होतं. एल आकाराच्या पान्याने तो पुरा सैल करून घेतला होता. शिकणाऱ्याने तो सैलच ठेवावा. आधीच्या मालकाने घट्ट केलेला असतो आणि नवीन माणूस तसाच बसतो, मग पाय सुटत नाही. जुना जोड घेणारीने हे पहिलं बघावं. सीटही दोन बोटं खाली घेतली, म्हणजे पाय पटकन जमिनीला पोचतो.

दुसऱ्या दिवशी चालती सायकल, पण एकच पाय अडकवलेला. दुसरा नुसता पायडलवर ठेवलेला. तिसऱ्या दिवशी दोन्ही. मैदानाच्या कडेला आम्ही एक चपला ठेवायचो आणि सांगायचो, चपलेपाशी थांबायचं. बघता बघता लक्षात आलं की खरी गोष्ट चपलेच्या दहा पावलं आधी घडते. तिथेच पाय सुटलेला पाहिजे. ब्रेक दाबून मग पाय सोडवायला गेलं की वेळ निघून गेलेली असते. म्हणून आम्ही चपला दोन केल्या. पहिलीपाशी पाय मोकळा, दुसरीपाशी थांबायचं.

पडली का? पडली. दोनदा. दोन्ही वेळा सायकल जवळजवळ उभीच होती. ही गंमत लक्षात ठेवा, या पायडलवर नवशिकी माणसं वेगात फारशी पडत नाहीत, थांबताना पडतात. पहिल्यांदा पाय सुटलाच नाही. दुसऱ्यांदा डावा पाय छान सुटला, पण तोल उजवीकडे गेला आणि उजवा अडकलेला. कापलेल्या झाडासारखी हळूच आडवी झाली. म्हणून नेहमी एकच पाय ठरवून घ्यायचा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, कडा डावीकडे असते, तर डावा बरा. पाय सोडला की अंगाचा भार मुद्दाम त्याच बाजूला द्यायचा. आणि पडतच असलो तर हात जमिनीकडे लांब करायचा नाही. मनगट मोडतं ते त्यामुळे. हँडल धरून ठेवलं तर खांद्यावर, मांडीवर खरचटतं, पण तेवढ्यावर भागतं.

आमच्यातल्या एका वहिनींनीही एकदा बसून बघितलं. बूट एक नंबर मोठे, आत दोन मोजे घातलेले. सहा फूटही गेल्या नाहीत. पडल्या पडल्या म्हणाल्या, "सुटलं गं सुटलं!" खरंच बूट सुटला होता, पडताना टाच वळली म्हणून. त्यानंतर नानींचा आवाज जरा खाली आला.

आता आमचं मत. या पायडलने वेग वाढतो असं पोरं सांगतात. वेग मांड्यांतून येतो, पायडलमधून नाही. फायदा एवढाच, की जोरात मारताना, खडबडीत रस्त्यावर किंवा करंजीच्या घाटासारख्या चढावर उभं राहून मारताना पाय निसटत नाही. शर्यतीत ते महत्त्वाचं. बाजारात जायला, दळण न्यायला, लेकराला शाळेत सोडायला साधं पायडलच चांगलं. जिला सायकल येत नाही तिने यापासून सुरुवात करूच नये. आधी साध्या पायडलवर एका हाताने चालवता आली पाहिजे, मागे वळून बघता आलं पाहिजे.

आणि आमचा रस्ता. नगर-पाथर्डी हा मोठा हमरस्ता गावातूनच जातो. कारखाना सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर वृद्धेश्वरकडे निघतात. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीच्या यात्रेची गर्दी. अशा ठिकाणी पाय अडकवून जायचं नाही, हे मुलीकडून कबूल करून घेतलंय. गाव आलं की दोन्ही पाय मोकळे, पायडल नुसतं टाचेच्या पुढे दाबत यायचं. सराव सकाळी, आतल्या रस्त्यावर.

थोड्या बारीकसारीक गोष्टी. क्लीट पायाच्या पंजाच्या फुगीर भागाखाली यावी आणि सरळ असावी. तिरकी बसली तर गुडघा दुखतो. आमच्या मुलीचा चौथ्या दिवशी दुखला. क्लीट केसभर फिरवली, राहिला. दुखतंय तरी रेटत राहायचं, ही आपल्या बायकांची खोड इथे चालत नाही. पावसानंतर काळ्या मातीत पाय टेकवला की क्लीटमध्ये चिखल भरतो, मग अडकतही नाही आणि कधी सुटतही नाही. काडीने टोकरून काढायचा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घरच्या घरी बदलायला गेलात तर उजवीकडे फिरवल्यावर ते सैल होतं. ओढणी घरी ठेवायची. बाभळीच्या काट्यांवर मात्र काहीच उपाय नाही, पंक्चरचं सामान जवळ बाळगायचं.

मुलीच्या वहीत वेदांगी कुलकर्णीचं कात्रण आहे. महाराष्ट्राचीच मुलगी. २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी मारली, १५९ दिवसांत. आजींना ते वाचून दाखवलं तर त्यांनी विचारलं, "मंग जेवत कुठं व्हती?" बराच वेळ मग तीच चर्चा.

मुलगी जिल्ह्याला जाऊन आली. पहिल्या तिनात आली नाही. रस्त्यात साखळी पडली, ती बसवून शर्यत पुरी केली, आणि शेवटच्या रेषेनंतर पाय सोडून उभी राहिली, एवढं सरांनी फोनवर सांगितलं. ताई तेव्हा फडात होती, तिला निरोप रात्री मिळाला. बारावीचा फॉर्म भरायचाय, असं ताईनेच आम्हाला कळवलं. लग्नाचा विषय यंदा निघाला का, ते आम्ही विचारलं नाही.

दहापैकी सहा हप्ते आलेत. पुढच्या बैठकीत सायकलीचेच दोन अर्ज आहेत, दोन्ही साध्या जुन्या सायकलीचे. एक दुधाच्या रतिबासाठी, एक सुनेला अंगणवाडीत जायला. नानींनी दोघींना सांगून ठेवलंय, येताना सायकल बघून या, किंमत विचारून या, आणि ब्रेक दाबून या.