मधुमेह : डॉक्टरांकडे केव्हां जावें?



मधुमेह हें नांव आपल्या घरांतून इतकें परिचयाचें झालें आहे कीं, त्याची भीति उरली नाहीं, आणि नीट ओळखहि झाली नाहीं. मोरींत मुंग्या दिसूं लागल्या म्हणजे मग साखर तपासावयाची, असा समज अजूनहि कित्येक घरीं आढळतो. ही खूण खोटी नव्हे. चरकसंहितेंतहि ती नमूद आहे. परंतु ती उशिराची आहे. रक्तांतील साखर दर १०० मिलिलिटरला सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेली म्हणजे ती लघवीवाटे बाहेर पडूं लागते. उपाशीपोटीं मात्र १२६ हा आंकडाच मधुमेहाचा मानतात. मुंग्यांवर भरंवसा ठेवणारा गृहस्थ रोग जडल्यावरहि निर्धास्त असतो तो यामुळें.

"आमचे हे तर काडीसारखे, यांना कशाची साखर?" हेंहि ऐकूं येतें. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानें दाखविलें आहे कीं, भारतीय मनुष्य वरून कृश दिसला तरी त्याच्या शरीरांत मेद अधिक असूं शकतो. म्हणून तिशी उलटलेल्यांनीं, विशेषतः आईबापांस मधुमेह असल्यास, कांहीं होत नसतांहि रक्त तपासून घ्यावें. गरोदरपणीं साखर वाढलेल्या स्त्रियांनीं तर हें विसरूंच नये. वारंवार लघवी, न शमणारी तहान, अकारण घटणारें वजन, अंधुक दृष्टि, न भरणारी जखम यांपैकीं कांहीं जाणवल्यास अर्थातच थांबूं नये.

मुलांविषयीं मात्र आग्रहानें बोललें पाहिजे. त्यांचा मधुमेह बहुधा निराळ्या जातीचा असतो. त्यांत इन्शुलीन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात, आणि थोड्या आठवड्यांतच रोग उफाळून येतो. मूल सारखें पाणी मागतें, सुटलेली संवय परत येऊन अंथरूण ओलें करूं लागतें, खाऊनपिऊनहि वाळत जातें. घरांतील मंडळी उन्हाळ्यास बोल लावतात. कोणी जंतांचें औषध सुचवितें. तेवढ्या अवकाशांत रक्तांत आम्ल सांचतें. मग पोट दुखतें, वांत्या होतात, श्वास खोल व जलद चालतो, तोंडास पिकल्या फळासारखा वास येतो, मूल गुंगूं लागतें. अशा वेळीं अजीर्णाचा काढा देत बसणें प्राणांवर बेततें. रात्र असो वा दिवस, रुग्णालयच गांठावें. पहिलीं लक्षणें दिसतांच, त्याच दिवशीं, बोटाचें थेंबभर रक्त तपासलें तर ही पाळीच बहुधा येत नाहीं. १९२२ सालीं टोरोंटो येथें लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास इन्शुलीन टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशा मुलांचें मरण जवळजवळ ठरलेलें असे. आज तें तसें नाहीं, आणि म्हणूनच विलंबानें गेलेलें मूल मनास अधिक लागतें.

ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनीं आजारपणांत अन्न जात नाहीं म्हणून इन्शुलीन आपल्या मनानें बंद करूं नये, डॉक्टरांस विचारावें. घाम, थरथर, भ्रम हीं साखर उतरल्याचीं चिन्हें. तीन-चार चमचे साखर पाण्यांतून द्यावी व पंधरा मिनिटांनीं रक्त पुन्हां पाहावें. रोगी बेशुद्ध असल्यास मात्र तोंडांत कांहीं न घालतां थेट रुग्णालयांत न्यावें.

राहिले पाय. देवळाच्या तापलेल्या फरशीवरून चाललें कीं फोड येतो, आणि बधिर पायास तो कळत नाहीं. दुखत नाहीं म्हणून लोक तो डॉक्टरांस दाखवीत नाहींत. वास्तविक न दुखणें हेंच तेथें वाईट चिन्ह. लाली, पू वा काळसरपणा दिसल्यास दुसरा दिवस उजाडूं देऊं नये. रात्रीं निजण्यापूर्वीं तळवे उजेडांत पाहावे, आणि स्वतःस वांकवत नसेल तर सुनेस अथवा नातवास पाहावयास सांगावें.