जीव आणि जित्राब

(छत्रपती संभाजीनगर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

या सत्राचा विषय कार्यक्रमपत्रिकेत 'युद्ध, स्थलांतर आणि स्त्रिया' असा छापला आहे. मी त्याच्या एकाच बाजूवर बोलणार आहे. घर सोडून पळायची वेळ येते तेव्हा घरातल्या मुक्या जिवांचं काय होतं, आणि त्यांच्यापायी बाईचं काय होतं, एवढाच माझा मुद्दा. मागे बसलेल्या दोघी-तिघी हसल्या ते मला दिसलं. तक्रार नाही. काही वर्षांपूर्वी मीही हसलेच असते.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मराठवाड्यातली मुलंमुली तिथे डॉक्टरकी शिकायला होती, त्यामुळे ते युद्ध आपल्याही काही घरांत शिरलं. महिन्याभरात ३५ लाखांवर माणसं देशाबाहेर पडली. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना तेव्हा देश सोडायला बंदी होती. म्हणून बाहेर पडणाऱ्यांत दहांतली नऊ बायका आणि मुलं होती. नवरा मागे, कडेवर मूल, हाताला धरलेली सासू, आणि कोटाच्या आत मांजर, अशा बायका आपण दूरदर्शनवर पाहिल्या. इरपिन शहराबाहेरच्या तुटलेल्या पुलाजवळ अपंग कुत्र्यांना दोऱ्यांनी धरून नेणाऱ्या एका बाईचं छायाचित्र जगभर छापलं गेलं.

त्यांच्यापुढे कागदाची भिंत होती. युरोपीय संघाच्या देशांत युक्रेनमधून कुत्रं किंवा मांजर न्यायचं तर एरवी त्याच्या कातडीखाली ओळखीची चिप हवी, रेबीजची लस हवी, लशीनंतर महिन्याने रक्ततपासणी हवी, आणि त्यानंतर तीन महिने थांबायला हवं. म्हणजे चार महिने. बॉम्ब चार महिने थांबत नाहीत. त्या वेळी पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया या शेजारी देशांनी अटी सैल केल्या. आधी आत या, चिप आणि लस इथे आल्यावर करू, असं धोरण ठेवलं. अनेक नाक्यांवर स्वयंसेवकांनी पिंजरे, गळपट्टे, खाणं यांची सोय केली. रेबीजची भीती खोटी नव्हती. तिचा बंदोबस्त नाक्याच्या अलीकडे करायचा की पलीकडे, एवढाच प्रश्न होता.

आपल्या सरकारने 'ऑपरेशन गंगा' या नावाने नव्वदच्या आसपास विमानांतून सुमारे २२,५०० भारतीयांना परत आणलं. त्यात एक विद्यार्थी असा होता की ज्याने कुत्र्याशिवाय निघायला साफ नकार दिला. कागद पुरे होत नव्हते आणि तो तळघरात बसून होता. शेवटी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने एकवेळची सवलत म्हणून नियम सैल केले आणि काही कुत्री-मांजरं आपल्या माणसांबरोबर दिल्लीला उतरली.

तेव्हा आपल्यातच बोललं गेलं, "माणसं मरताहेत आणि यांना कुत्र्यांचं पडलंय!" मीसुद्धा बोलले. दुसरा आक्षेप याहून जड आहे. त्याच सरहद्दीवर आफ्रिकी आणि भारतीय विद्यार्थ्यांना रांगेतून मागे ढकलल्याच्या, थंडीत ताटकळत ठेवल्याच्या तक्रारी झाल्या. गोऱ्या बाईचं मांजर आत आणि काळा माणूस बाहेर, हे कोणत्या न्यायात बसतं? बसत नाही. पण म्हणून मांजर बाहेर ठेवलं असतं तर तो विद्यार्थी आत गेला असता का? त्याला मांजराने अडवलं नव्हतं, माणसाच्या मनातल्या वर्णभेदाने अडवलं. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. चार महिन्यांचा नियम सरकारं चार दिवसांत बाजूला ठेवू शकतात. मग "कायद्यात बसत नाही" असं आपल्याला कुणी ऐकवलं तर आपण हे उदाहरण पुढे ठेवायचं, माणसांसाठीही आणि जनावरांसाठीही.

आता माझी स्वतःची चूक सांगते.

मी एका कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करत होते. याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातली बाई रात्रीच्या एसटीने मुलीला घेऊन आली. मार दिसत होता. आम्ही दवाखाना केला, पोलिसांत तक्रार नोंदवली, आधारगृहात जागा मिळवली. तिसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता परत गेली. मी फाईलवर 'अर्जदार स्वेच्छेने सासरी गेली' असा शेरा मारला. बैठकीत आम्ही नेहमीचंच बोललो. बायकांना नवऱ्याचा मोह सुटत नाही, समाजाचा धाक सुटत नाही, वगैरे.

पाच-सहा महिन्यांनी ती मला आठवडी बाजारात भेटली. मी विचारलं, "अगं, का गेलीस?" ती म्हणाली, "ताई, माझ्या तीन शेळ्या. एक गाभण होती. त्यांना पाणी कोण दाखवणार? त्यानं तर विकूनच टाकल्या असत्या. दोन बचत गटाच्या कर्जाच्या, हप्ता माझ्या नावावर." आणि मग म्हणाली, "तुम्ही मला समदं इचारलं. किती वर्षं मारतो, सासू काय म्हणती, माहेरी कोण हाय. शेळ्यांचं नाही इचारलं."

मैत्रिणींनो, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन, मुलाखतीचं तंत्र शिकून मी बसले होते. आमच्या अर्जात पस्तीस रकाने होते. शेळीचा एक नव्हता.

हे युक्रेनच्या बातम्या यायच्या आधीचं. तळघरात बसलेल्या त्या विद्यार्थ्याची बातमी वाचली तेव्हा मला ही बाई आठवली. त्या मुलाला आपण वेडा म्हटलं किंवा शूर म्हटलं. हिला मात्र 'मोह सुटत नाही' म्हटलं. दोघांचं म्हणणं एकच होतं. माझ्यावर अवलंबून असलेला जीव मागे ठेवून मी निघणार नाही.

ही माया पुरुषांना नसते असं मी म्हणत नाही. बैल गेला म्हणून ढसाढसा रडणारे बाप आपण पाहिलेत. पण दावणीची आणि कोंबड्यांच्या खुराड्याची रोजची कामं कुणाच्या वाट्याला आहेत? शेण, पाणी, चारा, धार, पिल्लू आजारी पडलं तर रात्रीचं जागरण, हे सगळं बहुतेक घरांत बाईचं. म्हणून गाव रिकामं करायचा हुकूम येतो तेव्हा "तुम्ही व्हा पुढं, मी गुरांचं बघून येते" असं म्हणणारी बरेचदा बाईच असते.

आपल्या भागाला हे नवं नाही. माझी आजी कन्नड तालुक्यातली. १९४७-४८ साली रझाकारांच्या भीतीने तिच्या गावातली घरं रातोरात घाट उतरून खानदेशात गेली, कारण घाटाखाली निजामाचं राज्य संपत होतं. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. ती सांगायची, सगळे निघाले तरी तिची आई गोठ्यातच होती. गाय व्यायला झाली होती, चालणार नव्हती. शेवटी आईने एकेक दावं सोडलं, गव्हाणीत होतं तेवढं वैरण टाकलं आणि मग ती निघाली. रस्ताभर ती बोलली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि मग पळायची पाळी मराठवाड्यातल्या कित्येक मुसलमान घरांवर आली. त्या घरांतल्या बायकांनीही कोंबड्या-बकऱ्या तशाच सोडल्या असतील. त्यांची आठवण आपण कधी विचारून घेतली नाही.

दावं सोडणं ही लहान गोष्ट नाही. कीव्हजवळ बोरोद्यांका नावाचं गाव आहे. तिथल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात, पिंजरे न उघडल्यामुळे, २०२२ च्या मार्चमध्ये दोनशेहून जास्त कुत्री अन्नपाण्यावाचून मेली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडे पूर आला तेव्हा माणसं बोटीतून, हेलिकॉप्टरमधून काढली गेली, पण दावणीला बांधलेली जनावरं बांधल्या जागी बुडाली. पिंजरा काय, दावं काय, दोन्हीकडे मरण एकच.

अमेरिकेत २००५ साली कतरिना वादळ आलं. ज्यांनी घर सोडलं नाही त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांनी, पाळीव जनावर सोडवेना हे एक कारण सांगितलं, असं नंतरच्या एका पाहणीत निघालं. निवाऱ्यात आणि बसमध्ये जनावरांना मज्जाव होता. पुढच्याच वर्षी, २००६ साली, तिथे कायदा झाला. लोकांना हलवण्याच्या योजनेत त्यांच्या पाळीव जनावरांचाही विचार करणं सक्तीचं झालं. तिथे भूतदयेला पाझर फुटला म्हणून एवढं झालं नाही. जनावर अडलं की माणूस अडतो आणि बुडतो, हा हिशेब त्यांना कळला.

आपल्याकडे शासनाला जनावर कळतं, नाही असं नाही. दुष्काळात चारा छावण्या निघतात. पण त्या निघतात गाई-म्हशी-बैलांसाठी. शेळ्या-मेंढ्यांसाठीही छावणी हवी, ही मागणी २०१९ च्या दुष्काळात वेगळी करावी लागली. नुकसानभरपाईचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्राचे निकष बघा. दुधाच्या म्हशीला किंवा गाईला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळीला ४,०००. गाभण शेळी बाजारात त्या पैशांत मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. बैल घरधन्याचा म्हणून मोजला जातो. भूमिहीन बाईची, एकटीची, विधवेची शेळी मात्र हिशेबात शेवटी येते. पुनर्वसनातही तेच. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. रस्ते रुंद, घरं ओळीत. पण गोठा कुठे बांधायचा, हे अनेक ठिकाणी लोकांना मागाहून आपलं आपण बघावं लागलं.

तेव्हा आपण काय करायचं? मला सुचतं ते सांगते. तुम्ही भर घाला.

पहिलं, विचारायचं. आधारगृहाचा अर्ज असो, पूरग्रस्तांची यादी असो की दंगलीत घर सोडलेल्यांची, 'घरात कोण कोण आहे?' या प्रश्नाखाली 'जनावरं कोणती, किती, आत्ता कुणाकडे?' हा रकाना घालायचा. फुकट काम आहे, उद्यापासून करता येईल.

दुसरं, ठेवायची जागा आधी शोधून ठेवायची. आधारगृहात शेळी ठेवता येणार नाही, ते मान्य. पण प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यात चार-पाच घरं अशी हेरून ठेवावीत, जी महिना-दोन महिने दुसऱ्या बाईची जनावरं सांभाळतील. चाऱ्याचा खर्च गटाने द्यावा.

तिसरं, कागद. जनावराच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा नंबर लिहून ठेवा, जनावर आणि बाई एकत्र दिसतील असा फोटो काढा, गटाच्या कर्जाची पावती जपा. नोंद शक्यतो बाईच्या नावाने करून घ्या. कुत्र्याला रेबीजची लस द्या आणि तिचं कार्ड सांभाळा. छावणीत शे-दीडशे मुलं असतात, तिथे लस नसलेलं कुत्रं कुणी घेणार नाही आणि घेऊही नये.

चौथं, कायदा. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्यात कलम १९ (८) आहे. बाईचं स्त्रीधन आणि तिच्या हक्काची इतर मालमत्ता परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. आपण अर्जात दागिने लिहितो, भांडी लिहितो. तिच्या कर्जातून घेतलेली शेळीही लिहा.

पाचवं, नेणं शक्यच नसेल तर दावं सोडायला, खुराडं उघडायला शिकवा. पुराचा इशारा आला की गावात दवंडी देतानाच हे सांगितलं पाहिजे.

आणि शेवटचं, जी अडली आहे तिला वेडी म्हणू नका. "जीव वाचव, जनावरं काय पुन्हा घेता येतील," हे वाक्य मी खूपदा ऐकवलं आहे. ज्या बाईला स्वतःच्या मालकीचं म्हणून आयुष्यात तीन शेळ्यांपलीकडे काही मिळालेलं नाही, तिला ते ऐकवायचा मला काय अधिकार?

त्या बाईचं पुढे काय झालं, हे विचाराल. त्या बाजारातच आम्ही ठरवलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिच्या मावशीच्या मुलाने टेम्पो आणला, आणि विकायला नेतो असं सांगून शेळ्या मावशीच्या गावी नेल्या. तोवर त्या चार झाल्या होत्या. त्यानंतर आठ दिवसांनी ती मुलीला घेऊन निघाली. ती पुन्हा परत गेली नाही.

आधी शेळ्या निघाल्या, म्हणून ती निघू शकली. फाईलवरचा तो जुना शेरा मी खोडला नाही. त्याच्याखाली एवढंच लिहिलं, 'विचारायचं राहिलं होतं.'