ताबा कोणाचा, हे ठरण्याआधी



कौटुंबिक कायद्यावरच्या अधिवेशनासाठी काशी हे ठिकाण कोणाला सुचले ते मी विचारले नाही, पण निवड विचार करायला लावणारी आहे. मणिकर्णिका घाट इथून जवळच आहे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार केला आणि तिथल्या चिता रात्रंदिवस पेटत्या असतात, एवढे आपण सगळेच ऐकून असतो. मला बोट ठेवायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. त्या घाटावर पोचलेल्या कुटुंबाला पुढे काय करायचे हा प्रश्न पडत नाही. अग्नी कोणी द्यायचा, थोरला हजर नसेल तर कोणी, मुलगाच नसेल तर कोणी, दहाव्याला काय, तेराव्याला काय, हे सगळे आधीच लावून ठेवलेले आहे. गेलेल्या आईबापांशी मुलाने कसे वागावे याचा इतका बारीक तपशील बांधणाऱ्या पांढरपेशा परंपरेकडे, हयात असून वेगळे राहणाऱ्या आईबापांनी मुलाशी कसे वागावे याबद्दल सांगण्यासारखे जवळजवळ काही नाही. काडीमोडाची चाल असलेल्या समाजांत निदान पंच बसत; पण तिथेही बोलणे बहुधा देण्याघेण्याचे, मूल हा त्यातलाच एक मुद्दा. याच काशीत हरिश्चंद्राचे घर फुटले. त्याच्या नावाचा घाट वेगळा, मणिकर्णिकेच्या दक्षिणेला. कीर्तनातून आपण ऐकतो त्या कथेत त्याचा मुलगा रोहिदास कोणाजवळ राहील हे कोणीच ठरवत नाही. तो आईचा पदर सोडत नाही, म्हणून आईच्या विनवणीवरून तिला विकत घेणारा त्यालाही घेतो. मूल ज्याच्या हाताला धरून असेल त्याच्याबरोबर जाते. माझे आजचे म्हणणे असे, की आपली न्यायव्यवस्था तत्त्वाच्या पातळीवर या अवस्थेच्या पुष्कळ पुढे आली असली, तरी व्यवहारात ती अजून तिथेच आहे. आणि याचे मुख्य कारण कायद्याची उणीव हे नसून कायदेशीर मदत उशिरा पोचते, हे आहे.

तत्त्वाबद्दल फार वेळ घेत नाही, ते आपणा सर्वांना पाठ आहे. 1890 चा पालक व पाल्य अधिनियम बापाच्या हक्काकडे झुकलेला होता, तरी मुंबई उच्च न्यायालयाने 1941 मध्येच कोवळ्या वयाच्या मुलाचे हित आईजवळ असते हे मोकळेपणाने मान्य केले. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहील असे सांगितले, आणि त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने मुलाचे कल्याण सर्वांत वर ठेवले. मुले म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये बजावले. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात, बाप हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते असा अर्थ लावला गेला. रिझर्व्ह बँकेने मुलाच्या नावच्या रोख्यांसाठी आईची सही पुरेशी मानली नव्हती, तिथून ते प्रकरण सुरू झाले. त्याच्याबरोबरच निकाली निघालेली वंदना शिवा यांची याचिका तर थेट घटस्फोट आणि ताब्याच्या वादातून आलेली होती. पुढे 2015 मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. सव्वाशे वर्षांत प्रश्न बदलला, हे खरे. मूल कोणाचे हे विचारायचे सोडून, मुलाचे भले कशात, हे आपण विचारू लागलो. पण हा चांगला प्रश्न आपण विचारतो कधी?

समजा, पुण्यात नोकरी करणारे एक जोडपे आहे. बाई पुण्याची, नवरा बनारसचा. मूल सहा वर्षांचे, शाळा पुण्यात. भांडण विकोपाला जाते आणि मे महिन्याच्या सुट्टीत बाप मुलाला आजीकडे म्हणून बनारसला नेतो. जुलैत तिथल्या शाळेत नाव घालतो. किंवा उलटे समजा: नोकरी बनारसला, आणि आई मुलाला घेऊन माहेरी पुण्यास आलेली. दोन्ही प्रकार रोज घडतात. 1890 च्या कायद्याचे नववे कलम सांगते, की मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा. आता ‘सामान्यतः’ कुठे, यावरच पहिली लढाई. मूल नुसते नेऊन ठेवल्याने अधिकारक्षेत्र बदलत नाही हे न्यायालये सांगतात, पण ते सांगेपर्यंत तारखा पडत राहतात. मग दावा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचा, तर त्यासाठी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचे दार. अशा दाव्यांत दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणी घ्यावी का, यावर 2017 या एकाच वर्षात त्या न्यायालयाने दोन वेगवेगळ्या भूमिका घेतल्या. या सगळ्यात एक शालेय वर्ष सरते. मुलाला नवे मित्र मिळतात, नवी बोली तोंडात बसते, दुसऱ्या पालकाचा चेहरा मोबाईलच्या पडद्यापुरता उरतो. आणि अखेर न्यायाधीश मुलाचे हित पाहायला बसतात, तेव्हा त्यांना प्रामाणिकपणे असेच दिसते, की रुळलेल्या मुलाला पुन्हा उपटणे बरे नाही. निकाल कायद्याला धरून असतो, मुलाच्या हिताचाही असतो. फक्त तो निकाल वर्षभरापूर्वी, सुट्टीतल्या त्या रेल्वेच्या तिकिटानेच लागलेला असतो.

अंतरिम आदेशाची सोय नाही असे नाही. पालक व पाल्य अधिनियमाच्या बाराव्या कलमात ती आहे, हिंदू विवाह अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमातही आहे. पण या सव्विसाव्या कलमाकडे जरा निरखून पाहा. 2001 मध्ये त्याला एक परंतुक जोडले गेले: मुलांच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा अंतरिम अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा. फार चांगले. ताब्याच्या आणि भेटीच्या अंतरिम अर्जाला मात्र तिथे कोणतीही मुदत नाही. शाळेची फी दोन महिन्यांत ठरावी आणि आई किंवा बाप कधी भेटेल हे केव्हाही ठरले तरी चालेल, असे संसदेला म्हणायचे नसणार; पण कलम वाचणाऱ्याला तसेच दिसते.

कायदेशीर मदत या शब्दांनी आपण सहसा वकीलपत्र, युक्तिवाद, उलटतपासणी समजतो. मला अपेक्षित असलेली मदत एका साध्या कागदाच्या रूपात येते, आणि ती वेगळे राहायला लागल्यापासून पहिल्या पंधरवड्यात यायला हवी. मूल शाळेच्या दिवसांत कुठे राहील. दुसऱ्या पालकाकडे कोणत्या वारी, किती वाजता आणि कोण पोचवेल. इमारतीच्या फाटकाशी की आजोबांच्या घरी. गणपतीत कुठे, दिवाळीचे कोणते दिवस कुठे, मेची सुट्टी कशी वाटायची. लसीकरणाचे कार्ड आणि आधार कोणाजवळ, शाळेच्या ॲपवर दोघांचे नंबर आहेत का, ताप आला तर किती वेळात कळवायचे, परगावी नेताना आधी विचारायचे की नाही. नात्याबद्दल एक वाक्यही त्यात नको, दोषारोप तर नकोच. असा कागद न्यायालयापुढे ठेवला की, दोघांच्या सह्या असल्या तर अंतरिम आदेशाला पाया मिळतो, आणि नसल्या तर सही द्यायला कोण तयार नव्हते हे नोंदले जाते. इंग्लंडने 2014 पासून आपले आदेशच या धर्तीवर केले: मूल कोणाजवळ राहील आणि कोणाला केव्हा भेटेल, एवढेच त्यात असते. आपल्याला त्यासाठी नवा कायदाही नको. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमानुसार स्त्रीला आणि बालकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळू शकते. ‘बालकाला’ हे मी मुद्दाम सांगतो. आईला वकील आहे, बापाला वकील आहे, आणि कायद्याने हक्क असूनही ज्याच्याबद्दल सगळे चालले आहे त्याला बहुतेक वेळा नाही.

यावर पहिला आक्षेप आपल्याच मंडळींकडून येईल, आणि तो गंभीर आहे. 1984 च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने तेराव्या कलमात वकिलाकडून बाजू मांडणे हक्क म्हणून नाकारले, ते काही वेडेपणाने नव्हे. वकील आला की भांडण वाढते असा त्यामागचा अनुभव होता, आणि तो खोटा म्हणणे मला जमणार नाही. घटस्फोटाच्या अर्जात सवयीने घातलेला एखादा परिच्छेद (सासूने चहा टाकून दिला इथपासून चारित्र्यापर्यंत) पुढे ताब्याच्या अर्जात पुरावा बनून येतो, हे आपण सगळे जाणतो. पण या आक्षेपातून उलट निष्कर्ष निघतो. मदत उशिरा येते तेव्हा भांडण उभे राहिलेले असते आणि वकिलाला त्यातच उतरावे लागते. आधी आलेल्या वकिलाला हाती घ्यायला वेळापत्रक असते. महाराष्ट्रात 1989 मध्ये कौटुंबिक न्यायालये सुरू झाली तेव्हापासून विवाह समुपदेशकांचे काम आपण जवळून पाहिले आहे. त्यांच्याकडेही जोडपे जाते ते दावा दाखल झाल्यावर, पवित्रे ठरल्यावर.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. घरात मारहाण होत असेल तर पंधरवड्यात कसला कागद आणि कसल्या सह्या? दडपणाखाली केलेली सही म्हणजे छळाला कायद्याचा शिक्का. हे मान्यच केले पाहिजे, आणि म्हणूनच वेळ अर्धा-अर्धा वाटण्याचा सरसकट नियम मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये समान पालकजबाबदारीचे गृहीतक कायद्यात घातले आणि 2023 च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. तिथल्या अनुभवाकडे पाठ फिरवून आपण तेच गृहीतक आता आणू नये. विधी आयोगाची संयुक्त ताब्याची शिफारस मी एक पर्याय म्हणून वाचतो, नियम म्हणून नाही. पण मार खाणाऱ्या बाईलाच सर्वांत लवकर मदतीची गरज असते. ती मूल मागे ठेवून जीव वाचवायला निघाली, तर मघाचा रुळलेपणाचा युक्तिवाद तिच्याच विरुद्ध जातो. मूल घेऊन निघाली तर पळवून नेल्याची फिर्याद होते. अशा वेळी भेट न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, कोणाच्या तरी देखरेखीखाली व्हावी, इतके तरी पहिल्याच आठवड्यात मागता आले पाहिजे.

मुलाचे म्हणणे ऐकायला आपण भितो, कारण मूल पढवलेले असते. पढवलेले असते हे खरेच. पण पढवण्याला वेळ लागतो, आणि तो वेळ आपणच पुरवतो. 1890 च्याच कायद्याचे सतरावे कलम, समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घेता येते असे म्हणते. ताब्याच्या वादात मुलाशी बोललेल्या समुपदेशकाचा अहवाल मध्यस्थीच्या गोपनीयतेआड लपवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले. हे बोलणे सहाव्या आठवड्यात झाले तर मूल स्वतःचे काही सांगेल. दीड वर्षाने विचारले तर ज्या घरात ते राहते त्या घराचेच सांगेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

राहिले ते, घरची वडीलधारी माणसे असताना वकील कशाला, असे म्हणणारे. त्यांना एकच सांगतो: आजीआजोबा या वादात पंच नसतात, बहुतेक वेळा ते पक्षकार असतात. मूल त्यांच्याच घरी असते.

तेव्हा या अधिवेशनापुढे माझी सूचना आटोपशीर आहे. पुणे आणि वाराणसी या दोन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी आपापसांत मुलांच्या वेळापत्रकाचा एक मराठी आणि एक हिंदी नमुना ठरवावा, दावा दाखल नसतानाही तो भरायला मदत करणारे पॅनेलवरचे वकील नेमावेत, आणि दोन शहरांत विभागलेल्या कुटुंबासाठी दोन्हीकडच्या वकिलांनी एकाच फोनवर बसून तो पूर्ण करावा. सव्विसाव्या कलमातली साठ दिवसांची मुदत ताब्याच्या आणि भेटीच्या अंतरिम अर्जालाही लावावी, अशी मागणी ठरावाच्या रूपाने केंद्रीय विधी मंत्रालयाकडे जावी. मसुदा तयार आहे. दुपारच्या सत्रात त्यावर दुरुस्त्या घेऊ.