घाटावर आपले स्वागत



मी धान्याचा अडत्या. स्वागताध्यक्षपद मला विद्वत्तेमुळे नव्हे, मंडप-जेवणाची सोय होईल म्हणून मिळाले, हे जाणून आहे. मलकापूरला उतरून राजूर घाट चढताना ज्यांना मळमळले त्यांची आधी माफी मागतो. जिल्ह्याचे ठिकाण असून बुलडाण्याला रेल्वे नाही. इंग्रजांनी थंड हवा पाहून कचेरी घाटावर थाटली, रूळ मात्र घाटाखालीच ठेवले.

त्याच कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. त्यांची लेक ताराबाई. पोटचे मूल मारल्याबद्दल १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला फाशीची शिक्षा झाली (पुढे ती सौम्य झाली), तेव्हा वर्तमानपत्रांनी सगळ्याच बायकांना धारेवर धरले. ताराबाईंनी उत्तरादाखल ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली; १८८२ मध्ये ती पुण्यात छापली गेली. लोक तुटून पडले, तेव्हा जोतीराव फुले ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. मग पुस्तक विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणले. आम्ही पाहुण्यांना सिंदखेडराजा, शेगाव, लोणार सांगतो. ताराबाई राहून जातात. आयोजक म्हणाले, “भाऊ, आपला विषय रेशनचे धान्य की रोख पैसे हा, हे विषयाबाहेर जाते.” निराधार बाई आणि तिचे लेकरू विषयाबाहेर कसे?

विषयावर दोनच शब्द. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत आपला जिल्हा आहे. इथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५पासून माणशी पाच किलो धान्य मिळे, गहू दोन रुपयांनी, तांदूळ तीन रुपयांनी. २०२३मध्ये धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात आले, पुढे १७० झाले. म्हणजे किलोमागे ३४. भाव चढला तर रक्कम आपोआप चढत नाही, हे अडत्याला वेगळे शिकावे लागत नाही. शिवाय घरातले पीठ लेकरांच्याच पोटात जाते. खात्यातल्या पैशावर पेरणीच्या दिवसांत दहा जण हक्क सांगतात, त्यांत आम्ही दुकानदारही आलो.

मंडपासाठी जिनिंगवाल्यांनी जागा दिली, तूरडाळ बाजारातल्या मंडळींनी, स्वयंपाक बचत गटाच्या ताईंनी सांभाळला. सर्वांचा ऋणी आहे. गाद्या कमी पडल्या, आंघोळीचे पाणी कोमट निघाले, दोष माझा. ठेचा तिखट आहे, जपून घ्या. लेकरांसाठी वरणभात वेगळा काढला आहे. ज्या देणगीदारांची नावे पत्रिकेत राहिली, ती दुपारच्या सत्राआधी वाचून दाखवीन, कृपया रागावू नये.

अध्यक्षमहाराजांनी आता सूत्रे हाती घ्यावीत.